प्रशियाचे जनरल, मुक्काम किन्हवली

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे एक कापडी पिशवी टांगलेली आहे. तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी. कुणी एक मागितली की पाच बाहेर येतात. आमच्या शाळेच्या गोष्टींचंही तसंच आहे. माहेरी गेले की भावजय म्हणते, "वन्सं, त्या जर्मन साहेबाची एखादी गोष्ट सांगा ना." मी एकच सांगायला बसते आणि चहाचं आधण दोनदा आटतं.

शाळा म्हणजे काही मोठी इमारत नाही. किन्हवलीच्या पुढे माळावर पत्र्याची एक लांब शेड आणि समोर मैदान. पोलीस आणि फौजेच्या भरतीसाठी इथे मुलामुलींची तयारी करून घेतात. चालवतात वेखंडे सुभेदार. फौजेत असताना त्यांनी बंदूक कमी आणि खडू जास्त धरला. जवानांना लिहायला-वाचायला, गणित करायला शिकवायचं हेच त्यांचं काम होतं. पळणं आणि गोळाफेक बाळू सरांकडे. बाळू सर वैशाखरे गावचे, एके काळी कबड्डीत चढाईला गेले की समोरचा संघ कोपऱ्यात सरकायचा म्हणतात. आता पोट थोडं सुटलंय, पण शिट्टी जोरात वाजते. आणि स्वयंपाकाला मी. दहावी झाले आहे म्हणून हजेरीचं रजिस्टरही माझ्याकडे. मला सगळे मावशी म्हणतात. सुभेदारसुद्धा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असून!

* * *

सुभेदारांचं एक दैवत आहे. प्रशियाचे जनरल. प्रशिया म्हणजे आताच्या जर्मनीतलं जुनं राज्य, हे मलाही इथे आल्यावरच कळलं. फौजेच्या वाचनालयात सुभेदारांना या जनरलसाहेबांवरचं एक जुनं पुस्तक सापडलं, आणि तेव्हापासून हा माणूस त्यांच्या डोक्यात जो बसला तो उठलाच नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी जनरलसाहेबांचा फोटो मोठा करून घेतला आणि शहापूरला फ्रेम करायला टाकला. पांढऱ्या मिशा, गळ्यापर्यंत बटणं, छातीवर पदकं. फ्रेमवाल्याचा एक रिवाज होता. म्हाताऱ्या माणसाचा फोटो आला की वर चंदनाचा हार घालूनच द्यायचा, आपल्याकडून. त्याने घातला. सुभेदार घाईत होते, ते तसाच फोटो घेऊन एसटीत चढले.

गाडीत गर्दी होती. हार घातलेला फोटो बघून लोक आपोआप बाजूला झाले. एकाने उठून जागा दिली. कंडक्टरने फोटोकडे बघून तिकीट हळू आवाजात विचारलं. शेजारी डोळखांबकडची एक म्हातारी बसली होती. तिने आधी हात जोडले, मग विचारलं, "कोन तुमचं?"

"गुरू," सुभेदार म्हणाले.

"कवा गेलं?"

सुभेदार खोटं बोलत नाहीत. "झाली की दीडशे वर्षं."

म्हातारीने फोटोला पुन्हा हात जोडले. मग म्हणाली, "तरी बी तुमी फोटो लावताव, चांगलं हाय. आमच्यात वर्षश्राद्धाला पन कुनाला टाइम नाय."

* * *

नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी पळणं नसतं. सगळ्यांना शेडमध्ये बसवून सुभेदार जनरलसाहेबांचं चरित्र सांगतात. मी भाजी निवडत ऐकते. इतक्या वेळा ऐकलंय की मलाही सांगता येईल.

जनरलसाहेब काही सरदाराच्या घरात जन्मले नव्हते. आणि त्या वेळी तिथे बहुतेक अधिकारी म्हणजे सरदारांची पोरं. जन्माला आलं की निम्मा साहेब झालाच. जनरलसाहेब तोफखान्यात शिरले, लढाया पाहिल्या, पदकं मिळवली. पण म्हातारपणाची कित्येक वर्षं त्यांनी लष्कराच्या शाळांवर घालवली. अधिकारी व्हायचं तर आधी शिका, परीक्षा द्या, असा त्यांचा धोशा. नुसतं पाठ करू नका. आणि मास्तरांना म्हणायचे, उत्तर सांगू नका. प्रसंग घाला आणि विचारा, तू काय करशील?

चरित्र संपलं की कुणीतरी मुलगा हमखास विचारतो, "सर, त्यांनी लढाईत किती मारले?"

"ते मला माहीत नाही," सुभेदार म्हणतात. "शिकवले किती, ते विचार."

गेल्या वर्षीच्या तुकडीत मात्र शेवटच्या रांगेतून एका मुलीचा हात वर झाला. वनिता. डोळखांबच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली. तिचे आईवडील दिवाळीनंतर विटा थापायला भिवंडीकडे भट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर जाता जाता वनिताची शाळा दोनदा सुटली आणि दोनदा तिने ती पुन्हा धरली. बारावी झाली. आधीच्या वर्षी ती पोलीस भरतीला मैदानात पहिल्या काही मुलींत होती, पण लेखी परीक्षेत राहिली. शंभर प्रश्न, दीड तास. तिने सत्तावीस प्रश्नांना हातच लावला नव्हता. येत नव्हते म्हणून नाही. वेळ संपला म्हणून. आता बापाने सांगितलं होतं, हे शेवटचं वर्ष. यंदा नाही झालं तर भट्टीवर.

तर वनिताने विचारलं, "सर, मोठ्या घरातल्यांनी त्यांचं ऐकलं?"

"लगेच नाही. भांडले, कुरकुरले. आमच्या पोरांनी परीक्षा का द्यायची म्हणाले."

"मग?"

"मग परीक्षा घेतली."

वनिता हसली नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं.

* * *

जनरलसाहेब म्हणायचे की फौजेतल्या माणसाला स्वतःच्या भाषेत नीट लिहिता आलं पाहिजे. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाने रोज अर्धं पान लिहायचं, 'आज मी काय पाहिलं'. सुभेदार सगळ्यांचं वाचतात आणि खाली लाल पेनाने एखादी ओळ लिहितात.

वैशाखऱ्याकडचा एक मुलगा होता, लिहायचा महाकंटाळा. रोज एकच ओळ. 'आज मी पळालो.' दुसऱ्या दिवशी, 'आजही पळालो.' असे तीन आठवडे. शेवटी सुभेदारांनी खाली लिहिलं, 'पळताना काय दिसलं?'

दुसऱ्या दिवशी वहीत होतं, 'पुढच्याची पाठ.'

सुभेदारांनी काही लिहिलं नाही. आणखी पंधरा दिवस 'पुढच्याची पाठ', 'पुढच्याची पाठ'. मग एका सकाळी त्याने स्वतः वही आणून दिली. 'आज पाठ दिसली नाही. मी पुढे होतो.'

सुभेदारांनी त्या दिवशी मला शिरा करायला सांगितला.

* * *

प्रसंग घालायची पद्धत आमच्याकडे रोजची. सकाळचं पळणं झालं की मुलं घाम पुसत गोल बसतात आणि सुभेदार एक प्रसंग सांगतात. उत्तर ते कधीच सांगत नाहीत. मुलांनी भांडून भांडून काढायचं.

एकदा त्यांनी घातला, "मधे ओढा आहे, पूर आलाय. पलीकडच्या पाड्यावर दहा पोती तांदूळ पोचवायचाय. तुमच्याकडे दोन दोर, एक ट्रकची ट्यूब आणि सहा माणसं. काय कराल?"

झाली सुरुवात. कुणी दोर झाडाला बांधला, कुणी ट्यूबवर पोती ठेवली, एकाने तर बाळू सरांना पाण्यात उभं केलं, त्यांचं वजन जास्त म्हणून. जमिनीवर काड्यांनी नकाशे काढले. अर्धा तास नुसता गोंधळ.

कोपऱ्यात एक किन्हवलीचाच मुलगा गप्प बसला होता. सुभेदार म्हणाले, "तू काय करशील?"

"मी थांबीन, सर."

"थांबशील?"

"आमच्या ओढ्याचं पानी तीन तासांत उतरतं. मग बैलगाडीच जाते."

सगळे हसले. सुभेदारांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

बाळू सर मात्र त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, "मावशी, सगळं खरं. पण परीक्षेत वढा येत नाय. परीक्षेत चार पर्याय येतात, नि पन्नास-पंचावन्न सेकंदांत गोल काळा करायचा असतो. या वनीला बघा. एका प्रश्नाला पाच मिनिटं. विचार करत बसते. आन् विचार करायला शिकवतंय कोन? आमचे साहेब नि त्यांचे साहेब."

ते खरंच होतं.

* * *

जनरलसाहेब शाळांची तपासणी करायचे आणि मुलांआधी मास्तरांना तपासायचे, असं सुभेदार सांगतात. ते खरं की सुभेदारांच्या मनचं, मला माहीत नाही. पण महिन्यातून एकदा आमच्याकडे उलटी परीक्षा असते. मुलं प्रश्न काढतात आणि शिकवणारे सोडवतात. बाळू सर त्या दिवशी नेमके कुणाच्या तरी लग्नाला असतात.

वनिताने सुभेदारांना गणित घातलं. 'घरात पाच माणसं. विहीर अर्धा किलोमीटर लांब. एक बाई, दोन हंडे. महिना एप्रिल. घरात दोन खेपांचं पाणी लागतं. बाईला किती वेळ लागेल?'

सुभेदारांनी चष्मा लावला, अंतर काढलं, चालायचा वेग धरला, डोक्यावर ओझं म्हणून परतीचा वेग कमी केला. मोठ्या ऐटीत उत्तर लिहिलं, 'चाळीस मिनिटे.'

वनिताने फुली मारली.

"का गं?"

"सर, एप्रिलात विहिरीवर रांग असते. नि पाणी तळाला जातं. ते वाटीनं भरावं लागतं, झरा भरंल तसं. एका खेपेला दोन तास."

"हे प्रश्नात दिलेलं नाही."

"एप्रिल दिलाय, सर."

सुभेदारांनी कागदावर स्वतःच्या हाताने 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली. तो कागद त्यांनी फाइलला लावला. संध्याकाळी चहा घेताना मला म्हणाले, "मावशी, ही पोरगी जर लेखी परीक्षेत राहिली, तर चूक तिची नाही. माझी."

* * *

घोकंपट्टीला आमच्याकडे बंदी. पण बाळू सर हार मानणारे नव्हेत. त्यांनी शोधून काढलं की जेवणाच्या आधी सुभेदार स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. मग काय, माझ्या चुलीपुढे गुपचूप वर्ग सुरू झाला. मुली भाकऱ्या थापायच्या, मुलं कांदे चिरायची आणि बाळू सर दारात उभे राहून एक डोळा बाहेर ठेवून विचारायचे, कोणती नदी कुणाला मिळते, कुठल्या जिल्ह्याचं मुख्यालय कोणतं. सगळे एका सुरात म्हणायचे. भाकरी उलटली की पुढची नदी.

असे दोन महिने गेले. मग मुरबाडहून एक निवृत्त हेडमास्तर मुलांची तोंडी चाचणी घ्यायला आले. सुभेदारांनीच बोलावले होते. त्यांनी विचारलं, "पैनगंगा कोणत्या नदीला मिळते?"

सगळ्यांना येत होतं. पण सुभेदार समोर बसलेले. पाठ केलेलं बोलायचं कसं? एकही हात वर होईना. मी चहा घेऊन आले होते. ती शांतता मला सहन झाली नाही.

"वर्धेला," मी म्हणाले. "आणि पुढे वर्धा नि वैनगंगा मिळून प्राणहिता."

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. सुभेदार माझ्याकडे वळले.

"मावशी, तुम्ही विदर्भात कधी गेला होता?"

"नाही हो. मी कल्याणच्या पुढे गेले नाही."

"मग हे कुठून आलं?"

"भाकऱ्या भाजताना कानावर पडतं."

बाळू सर शेडचे पत्रे मोजत होते. मला वाटलं, आता दोघांचीही नोकरी गेली. सुभेदार म्हणाले, "जनरलसाहेब घोकंपट्टीच्या विरुद्ध होते. पण भाकरी भाजण्याबद्दल त्यांनी कुठे लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाळू सर उजळ माथ्याने शिकवू लागले.

* * *

दिवाळी झाली आणि वनिताचे वडील आले. कमळू त्यांचं नाव. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. भट्टीवर जायची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती आणि ते पोरीला न्यायला आले होते. मैदानी चाचणी वनिताने यंदाही काढली होती, पण लेखी परीक्षेला अजून दोन महिने होते.

मी पाणी दिलं. सुभेदार समोर बसले. वनिता शेडच्या खांबाला टेकून उभी.

"सर, भट्टीवर काम जोडीनं असतंय," कमळू म्हणाले. "एक मातीचा गारा कालवतो, एक विटा थापतो. मी नि हिची आई एक जोडी. ही नि हिचा चुलता दुसरी. ही नाय आली तर त्याची जोडी मोडते. त्याला मी काय सांगू?"

सुभेदारांना राहवलं नाही. ते म्हणाले, "कमळूभाऊ, समजा, एक बाप आहे. त्याला एक पोरगी. पोरगी हुशार..."

"सर," कमळूंनी हात वर केला. "तुमी पोरांना कोडी घालता ती वनी सांगते घरी. आमाला नका घालू. आमच्याकडं कोड्यातच दिवस जातो."

सुभेदारांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

पाणी पिऊन कमळूंनीच विचारलं, "परीक्षा कवा हाय?"

"दोन महिन्यांनी."

"निकाल?"

"त्यानंतर दीड महिना."

कमळूंनी बोटांवर हिशोब केला. मग पोरीला म्हणाले, "ऐक गो. चुलत्याला मी सांगतो. परीक्षा दे. निकाल लागस्तोवर हितं ऱ्हा. नाव आलं तर तुजी वाट तू बघ. नाय आलं तर दुसऱ्या दिवशी भट्टीवर. परत ह्या शेडचं नाव काढायचं नाय. कबूल?"

"कबूल," वनिता म्हणाली.

जाताना ते बाळू सरांपाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "तिला उपाशी पळवू नका. लहानपणी तिला घेरी यायची."

त्या दिवसापासून वनिताच्या ताटात मी एक उकडलेलं अंडं जास्त ठेवू लागले. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

* * *

सराव परीक्षा दर रविवारी. पहिल्या रविवारी वनिताचे चोवीस प्रश्न राहिले. दुसऱ्या रविवारी बावीस. तिसऱ्या रविवारी पुन्हा चोवीस. सोडवलेले जवळजवळ सगळे बरोबर, आणि बाकीचे कोरे.

तिसऱ्या रविवारी सुभेदार मैदानात गेले. बाळू सर चुन्याने रेघा मारत होते. मी वाळवण उचलत होते म्हणून मला ऐकू आलं.

"बाळू, तिला तू शिकव."

"मी? लेखीचं? साहेब, मी बारावीला गणितात गटांगळ्या खाल्ल्यात."

"मी तिला प्रत्येक प्रसंगाच्या मुळाशी जायला शिकवलं. आता मुळाशी न जायला कसं शिकवायचं, ते मला येत नाही."

बाळू सरांनी चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. वनिताला हाक मारली आणि कबड्डीच्या मधल्या रेघेवर उभी केली. समोर सात मुलं.

"चढाईला जा. सगळ्यांना बाद करून ये."

वनिता गेली. तिसऱ्याला शिवता शिवता दम तुटला आणि मुलांनी तिला धरली.

"परत जा. आता जो हाताला लागंल त्याला शीव नि परत ये. उरलेले कुठं पळून जात नायत. पुढच्या चढाईला घेऊ."

ती गेली, एकाला शिवून आली. परत गेली, दोघांना शिवून आली. पाच चढायांत समोरची बाजू रिकामी.

"कळलं?" बाळू सर म्हणाले. "पेपर म्हंजे शंभर गडी. पहिल्या दमात सोपे शिवायचे नि रेघेवर यायचं. जो अंगावर येतो त्याच्याशी झोंबायचं नाय. दुसऱ्या दमात त्याच्याकडं बघू."

पुढच्या रविवारी पेपर सुरू झाला आणि शेडमध्ये कसलीशी गुणगुण ऐकू यायला लागली. मी डोकावून बघितलं. वनिता गोल काळे करत होती आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." तिच्यामागची मुलगीही. त्यामागचा मुलगाही. अख्खी शेड.

सुभेदार पर्यवेक्षक म्हणून खुर्चीवर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं. ते उलटं होतं.

वनिताचे त्या दिवशी नऊ प्रश्न राहिले. त्याच्या पुढच्या रविवारी तीन.

* * *

निकाल लागला तो मंगळवार होता. बाळू सरांच्या मोबाइलवर यादी उघडली. यादी लांबलचक आणि आमच्या माळावर नेटवर्क म्हणजे देवाची मर्जी. बाळू सर पाण्याच्या टाकीवर चढले, आम्ही सगळे खाली. पान हलतच नव्हतं. वनिता एकटी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत फेऱ्या मारत होती. बघायला यायची तिची तयारी नव्हती.

वरून बाळू सरांचा आवाज आला, "हाय! वनीचं नाव हाय!"

मी रजिस्टर हातात घेऊन उभी होते, ते कुठे पडलं मला आठवत नाही.

वनिता म्हणाली, बापाला आपणच सांगायचं. फोनवर नाही. भट्टीवर फोन उचलायला कुणाचे हात कोरडे नसतात. दुसऱ्या दिवशी सुभेदार, बाळू सर, वनिता आणि मी, असे चौघं बाळू सरांच्या मेव्हण्याच्या गाडीतून भिवंडीकडे गेलो.

भट्टी रस्त्यापासून आत होती. लांबपर्यंत ओल्या विटांच्या ओळी वाळत घातलेल्या. कमळू उकिडवे बसून साच्यात गारा भरत होते, साचा उलटत होते, एक वीट ठेवून मागे सरकत होते. वनिताची आई पलीकडे गारा कालवत होती. आम्हांला बघून तिचे पाय थांबले. कमळूंचे हात थांबले नाहीत.

वनिता त्यांच्यापुढे जाऊन बसली. "बाबा, नाव आलं."

कमळूंनी हातातली वीट खाली ठेवली. पुढचा साचा भरला. तीही ठेवली. मग म्हणाले, "बरं."

आई डोळ्याला पदर लावायला गेली, पण हात चिखलाचे, म्हणून तिने खांद्याला डोळे पुसले.

"गारा कालवलाय," कमळू म्हणाले. "सुकायच्या आत थापाया पायजे. मग बोलू."

वनिताने ट्रॅकसूटच्या बाह्या वर केल्या आणि आईजवळ जाऊन गारा कालवायला लागली. बाळू सर पाणी आणायला गेले. मीही पदर खोचला. सुभेदार एकटेच उभे. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पलीकडे एक साचा रिकामा पडला होता. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले, पँट दुमडली आणि साचा घेऊन कमळूंच्या शेजारी उकिडवे बसले.

पहिली वीट साच्यातून निघालीच नाही. दुसरी निघाली ती दोन तुकड्यांत. आजूबाजूच्या जोड्या काम थांबवून बघायला लागल्या. तिसरी निघाली, पण एका बाजूला कललेली, एक कोपरा गायब.

वनिताच्या आईला हसू आवरेना. ती तोंड फिरवून हसायला लागली, तशी सगळी भट्टी हसायला लागली. वनितासुद्धा.

कमळूंनी ती वीट सगळ्या बाजूंनी बघितली.

"हसू नको गो," ते बायकोला म्हणाले. "वनीची पहिली वीट पन अशीच झालेली."

आणि ती वीट त्यांनी मोडून गाऱ्यात टाकली नाही. ओळीत ठेवली.